पाठीतलं स्टिम्युलेटर: यंत्र, कंपनीची सेवा आणि दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात काढलेले दोन महिने

डॉक्टरांनी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर, म्हणजे मणक्यात वायर आणि कातडीखाली बॅटरी बसवून बारीक करंटने दुखणं दाबणारं यंत्र, सुचवलंय आणि घर खेड्यात आहे, अशा माणसांसाठी हे लिहितो. या ऑपरेशननंतर काय करायचं याचे जे कागद हाती मिळतात, ते शहरातल्या फ्लॅटच्या हिशोबाने लिहिलेले असतात. आपल्याकडे संडास बसका, झोपायला बाज, जेवण मांडी घालून, रस्ता फुटलेला आणि लाईटीचा नेम नाही. यंत्र सगळ्यांचं सारखंच. पण ते अंगात पक्कं होईपर्यंतचे दोन महिने घरीच काढायचे असतात, आणि सगळा खेळ तिथेच आहे. यंत्राला मी मनापासून चांगलं म्हणतो. विकल्यानंतरच्या सेवेबद्दल मात्र माझी तक्रार आहे, ती पुढे सांगतो.

माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोनोब्लॉक, बोअरच्या सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, सगळं बांधतो. पाच एचपीची मोटार गाडीवरून उतरवून घेण्यात उमेदीची वर्षं गेली आणि कंबर गेली. मणक्याची गादी सरकली होती, तिचं ऑपरेशन आधीच झालं होतं. कंबर सुधारली, पण डाव्या पायातली आग गेली नाही. कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत चटका, रात्री पायावर चादर नको वाटायची. नसेच्या दुखण्यावरच्या प्रेगाबालिनच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी दिवसभर गुंगी. कॉइलचे टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजताना आकडा हातातून सुटायचा, आणि आमच्या कामात आकडा सुटला की मोटार परत येते. पुन्हा एमआरआय काढला, तर नसेवर दाब कुठेच नाही. डॉक्टर म्हणाले, दाब गेला पण नस दुखावलेलीच राहिली, आता चिरफाड करून उपयोग नाही. तेव्हा या यंत्राचा विषय निघाला.

विजेचं काम करणारा माणूस असल्यामुळे मी आधी खोदून खोदून विचारलं. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं होतं की मणक्यातल्या मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशाला जणू एक फाटक असतं. स्पर्शाच्या जाड नसा चाळवल्या की दुखण्याच्या बारीक नसांची वाट अडते. ठेच लागली की आपण आपसूक अंगठा चोळतो, त्यामागे हेच. पुढे १९६७ साली नॉर्मन शीली या अमेरिकन सर्जनने रुग्णाच्या मणक्यात पहिला इलेक्ट्रोड बसवला. आजच्या यंत्रातही मूळ कल्पना तीच, फक्त करंट किती मिलीअँप, पल्स किती मायक्रोसेकंदाची, फ्रिक्वेन्सी किती, हे बाहेरून बदलता येतं. साध्या प्रकारात चाळीस-पन्नास हर्ट्‌झच्या आसपास चालवतात आणि मुंग्या जाणवतात. दहा हजार हर्ट्‌झवर चालणारा प्रकारही आहे, त्यात मुंग्या येत नाहीत. माझं मुंग्यांचं आहे. यंत्र आजार बरा करत नाही, दुखणं दाबतं. हे नीट समजून घेऊनच पुढे जावं.

या यंत्राची मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ट्रायल. सुईतून वायर आत सोडतात, बॅटरीचा डबा बाहेर कमरेला बांधतात आणि साधारण आठवडाभर बघतात. दुखणं निम्मं किंवा त्याहून जास्त कमी झालं तरच पक्कं बसवायचं, नाहीतर वायर ओढून काढून घरी. लाखांच्या घरातली वस्तू आधी वापरून बघायला मिळते, हे मोठंच आहे. मी त्या दिवसांत नागपुरात भाच्याकडे राहिलो. वहीत ‘बरं वाटलं’ असलं काही लिहिलं नाही. सलग किती वेळ उभा राहिलो, रात्री किती वेळा जाग आली, खुर्चीत बसून किती वेळ हातकाम जमलं, एवढंच लिहिलं. वायर काढली त्या रात्री पायातली आग जशीच्या तशी परत आली, आणि माझा निर्णय झाला. पैशाचं म्हणाल तर पोराच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील होते म्हणून निभावलं. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लेखी घेतली होती.

दोन गोष्टी ऑपरेशनच्या आधीच उरकाव्या लागतात. शुगर असेल तर ती ताब्यात आणणं, आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, बंद करणं. आमच्या भागात दुकानावर आलेला प्रत्येक माणूस खर्रा घोटतच बसतो, मीही खायचो. तंबाखूने जखम भरायला उशीर लागतो आणि अंगात यंत्र असताना जखम चिघळली तर अख्खं यंत्र काढावं लागू शकतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सोडला. अवघड गेलं, पण सोडला.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. बॅटरीची जागा आधी ठरवून घ्या. माझी उजव्या कुल्ल्याच्या वरच्या अंगाला आहे. तपासणीला मी रोजची पॅन्ट घालून गेलो आणि पट्टा कुठे येतो तिथे डॉक्टरांकडून पेनाने खूण करून घेतली. बायांनी लुगड्याची गाठ किंवा परकराची नाडी कुठे येते ते दाखवावं, आणि ज्या कुशीवर झोपायची सवय आहे ती बाजू टाळायला सांगावं. पुढची कित्येक वर्षं ती डबी तिथेच राहणार आहे.

ऑपरेशनच्या टेबलावर पालथं झोपवतात. मला अर्धवट गुंगीतून जागं केलं आणि भूल देणाऱ्या मॅडम कानाशी येऊन विचारू लागल्या, “काकाजी, मुंग्या कुठं येऊन राहिल्या?” मी म्हटलं, पोटाकडे. एक्स-रेच्या पडद्यावर बघत वायर जरा सरकवली. मग मांडीत आल्या. पुन्हा सरकवली, करंट बदलला. आणि एकदम बरोबर त्या आगीच्या वाटेवर, कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत, मुंग्या पसरल्या. मी “हेच, हेच” म्हणालो तेवढं आठवतं. प्रत्येक वायरच्या टोकाला आठ इलेक्ट्रोड आहेत. बरोबर जागा मिळाली ती आत टाक्याने बांधली आणि वायर कातडीखालून बॅटरीपर्यंत नेली.

आता घरचं. टाका वायरीला तात्पुरतं धरून ठेवतो. तिला खरं घट्ट धरतात ते तिच्याभोवती वाढणारे अंगातलेच तंतू, आणि त्यांना सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर कमरेत वाकायचं नाही, वळायचं नाही, दोन किलोच्या वर उचलायचं नाही, हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत. वायर थोडी जरी सरकली तरी मुंग्या पायाऐवजी बरगडीत यायला लागतात, आणि मग पुन्हा ऑपरेशन. म्हणून हे नियम अगदी शब्दशः पाळायचे. पाण्याचा तांब्या चालतो, पाण्याचं मोठं भांडं, गुंड, चालत नाही. दोरीवरचा टॉवेल स्वतः काढायचा नाही. कोणी मागून हाक मारली तर मान वळवून बघायचं नाही, अख्खं अंग फिरवायचं.

बसक्या संडासाचा प्रश्न सगळ्यात मोठा. यवतमाळहून कमोडची खुर्ची आणली, पण ती बुटकी निघाली, उठताना पुढे झुकावं लागायचं. पोराने चारही पायांना जाड पाइपाचे तुकडे बोल्टने घट्ट कसून ती उंच केली आणि भिंतीला जीआय पाइपाचा दांडा बसवला. ऑपरेशनच्या आधीच हे करून, दोनचार दिवस बसून बघा. बाजही बंद. बाजेला झोळ असतो, त्यातून निघताना कंबर पिळते. लाकडी दिवाण आणि त्यावर टणक गादी. उठायचं ते कुशीवर होऊन, पाय खाली सोडून, हाताने रेटून, खांद्यापासून कुल्ल्यापर्यंतचं अंग एका रेषेत ठेवून. दवाखान्यातल्या सिस्टरने हे माझ्याकडून करून घेतलं होतं, तिचे उपकार आहेत. जेवण टेबलावर. आमच्याकडे टेबल नव्हता, तर दुकानातला वर्कबेंच पुसून घरात आणला. जमिनीवर पडलेली वस्तू उचलायला कंड्युट पाइपाला तारेचा आकडा करून घेतला होता, तो दिवसभर हातात. तरी हात खाली जायचाच, आणि चुलीपाशी बसलेली बायको तिथूनच ओरडायची, “वाकू नका म्हटलं न तुमाले!” त्या दोन महिन्यांत तिची नजर माझ्यावरून हलली नाही. माझी वायर जागेवर राहिली त्याचं निम्मं श्रेय तिचं आहे.

ऑपरेशन मी पावसाळ्यात केलं. पावसाळ्यात विहिरीवरच्या मोटारी बंद असतात, त्यामुळे वायंडिंगचं काम मंद असतं. हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताला मोटारी जळायला लागतात, तोवर हातपाय मोकळे व्हायला हवे होते. पण पावसाळ्याचा दमटपणा जखमेला वाईट. घामाने ड्रेसिंगची पट्टी सुटते. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर आंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. जखमा दोन, एक पाठीवर मधोमध आणि एक बॅटरीवर. पाठीची लवकर वाळली. बॅटरीवरची जास्त दुखली, आणि पुढे तिथे फुगवटा आला. गावातले एक डॉक्टर म्हणाले, पाणी झालंय, सुईने काढून टाकू. मी हात लावू दिला नाही. सुटीच्या कागदावर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर होता, त्यांना फोटो पाठवला. त्यांनी सांगितलं, सुई अजिबात घालायची नाही, सुईबरोबर जंतू आत जातो. पोटपट्टा घट्ट बांधून ठेवा, ताप आला, लाली आली की निघा. फुगवटा हळूहळू ओसरला. हे ज्यांच्या घरच्या कोणाचं ऑपरेशन होणार आहे त्यांनी लक्षात ठेवा: त्या डबीवर गावात कोणालाही सुई टोचू देऊ नका.

आणि काही लक्षणांत फोटो पाठवत बसायचं नाही. पायातली ताकद कमी झाली, लघवी-संडासचा ताबा गेला, पाठीत अचानक भयंकर कळ आली, तर आत रक्त साकळून मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशोब असतो. सरळ १०८ ला फोन करायचा. ताप, पू, किंवा उठून बसलं की डोकं ठणकणं आणि आडवं झालं की थांबणं, हेही लगेच कळवायचं. आमच्याकडून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर आहे, त्यातला पहिला रस्ता पावसात कसा असतो ते सांगायला नको. म्हणून एक ओळखीचा गाडीवाला आधीच सांगून ठेवला होता.

भेटायला माणसं खूप येतात. मोठी बहीण दिग्रसहून आली ती दारातच रडायला लागली, “माह्या भावाच्या आंगात करंट सोडला व माय!” तिला जवळ बसवून समजावलं, बाई, हा करंट मिलीअँपमध्ये आहे, घरातल्या लाईनचा याच्याशी संबंध नाही, आणि रिमोट माझ्या हातात आहे. तिच्यासमोर बंद करून दाखवला, चालू करून दाखवला. मग तिने चहा घेतला. येणाऱ्यांना डबीवर हात लावून बघायची फार हौस असते. लावू देऊ नका, पहिले काही आठवडे ती जागा हुळहुळी असते.

कोणी न सांगितलेली आणखी एक गोष्ट. उताणं झोपलं की मुंग्या एकदम जोरात येतात. आडवं झाल्यावर मज्जारज्जू इलेक्ट्रोडच्या जवळ सरकतो, तेवढाच करंट जास्त जाणवतो. खोकला, शिंक आली की तसाच झटका बसतो. यंत्र बिघडलेलं नसतं. झोपण्याआधी रिमोटवर करंट कमी करायचा, उठल्यावर वाढवायचा. बऱ्याच यंत्रांत झोपण्याचा आणि उभं राहण्याचा प्रोग्राम वेगळा ठेवता येतो, तो मागून घ्या.

चार्जिंगबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी होती. न चार्ज होणाऱ्या बॅटऱ्याही मिळतात, पण त्या काही वर्षांत संपल्या की बदलायला पुन्हा चिरा द्यावा लागतो. चार्ज होणारी कितीतरी जास्त टिकते. मी तीच घेतली. चार्जर म्हणजे एक चपटी कॉइल, पट्ट्यात घालून डबीवर बांधायची, कातडीतून पॉवर आत जाते. ट्रान्सफॉर्मरचंच तत्त्व, प्रायमरी बाहेर आणि सेकंडरी आत. त्यामुळे दोन्ही कॉइल समोरासमोर नीट आल्या पाहिजेत, थोडी तिरकी झाली की चार्जिंगचा वेळ दुप्पट. आमच्याकडे पावसात गावाची लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. पण माझ्या चार्जरला स्वतःची बॅटरी आहे. लाईट असेल तेव्हा चार्जर भरून ठेवायचा, मग अंधार असला तरी अंगातली बॅटरी भरता येते. खेड्यातल्या माणसाने हे विचारल्याशिवाय यंत्र घेऊ नये. लाईट आली की व्होल्टेज उसळतं, म्हणून चार्जर स्टॅबिलायझरवर लावतो. कॉइल कोमट होते, ती उघड्या कातडीवर ठेवत नाही, पातळ बनियनवरून बांधतो. चार्जिंग चालू असताना झोपत नाही.

दुकानात काय बदललं तेही सांगतो, कारण शेतकऱ्यांनाही ते लागू आहे. आर्क वेल्डिंग मी बंद केलं, ते आता पुतण्या करतो. आर्मेचर तपासायचा ग्राउलर चालू असला की मी लांब उभा राहतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र जोरदार असतं. इंडक्शन मोटारीच्या रोटरमध्ये कायमचं चुंबक नसतं, त्यामुळे बंद मोटार उघडायला हरकत नाही, एवढं डॉक्टरांना विचारून घेतलं. वावरात रोही (नीलगाय) आणि डुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेपासून दूर राहतो. घरात मिक्सर, टीव्ही, मोबाईल यांची अडचण नाही. इंडक्शनची शेगडी असेल तर तिला चिकटून उभं राहू नये.

एक इशारा मात्र कागदावर लिहून खिशात ठेवा. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शेक द्यायचं डायथर्मी नावाचं मशीन असतं. ते स्टिम्युलेटरवाल्या माणसाला कधीच, शरीराच्या कुठल्याच भागावर लावायचं नाही. त्याची ऊर्जा वायरीतून जाऊन इलेक्ट्रोडचं टोक तापतं आणि मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. गुडघा दुखतो म्हणून शेकायला गेलात तरी आधी यंत्राचं कार्ड दाखवा. एमआरआयचंही तसंच. काही यंत्रं ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात, काही चालत नाहीत. घेतानाच विचारा.

फायदा किती? पायातली आग पूर्ण गेली नाही. थंडीत, पहाटे, थोडी असते. पण निम्म्याहून बरीच कमी झाली आणि रात्रीची झोप परत मिळाली. गोळ्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी केल्या, तशी डोक्यावरची गुंगी गेली. पोळ्याला बैल सजवायला मी उठलो नाही, खुर्चीत बसून बघितलं. पण गव्हाच्या पहिल्या ओलिताला जळालेली पहिली मोटार आली, तिची पूर्ण वायंडिंग मी एका बैठकीत केली. टर्न बरोबर मोजले. मोटार परत आली नाही.

आता कंपनीचं. नाव घेत नाही. ऑपरेशनच्या आधी त्यांचा माणूस रोज फोन करायचा. नंतर प्रोग्रामिंगसाठी दर वेळी मलाच नागपूरला बोलावलं. जखम ओली असताना, फुटलेल्या रस्त्याने, गाडीत आडवा होऊन जायचं. पहिल्या महिन्यांत करंटचं सेटिंग पुन्हा पुन्हा बदलावं लागतं, हे त्यांना आधीच माहीत असतं. मग यवतमाळला महिन्यातून एक दिवस माणूस बसवायला काय हरकत आहे? जिल्ह्यात माझ्यासारखे थोडेच असतील, पण जे आहेत त्यांनी एवढे पैसे मोजलेत. रिमोटचं पुस्तक इंग्रजीत. पोराने फोनवरून एकेक बटण मला समजावलं. ज्याच्या घरी वाचणारं कोणी नाही त्याने काय करावं? म्हणून पैसे भरण्याआधी लेखी घ्या: प्रोग्रामिंगला कुठे यावं लागेल, चार्जर बिघडला तर किती दिवसांत दुसरा मिळेल, आणि तोवर वापरायला जादाचा देणार का. मला चार्जरच्या पट्ट्याचं इलॅस्टिक सैल झाल्याचं कळवून बरेच दिवस झाले, नवा पट्टा अजून आलेला नाही. दारव्ह्याच्या शिंप्याकडून जाड कापडाचा, वेल्क्रो लावलेला पट्टा शिवून घेतलाय, कॉइलच्या मापाचा खिसा करून. कॉइल त्यात जागची हलत नाही.